पाचपाखाडीतली ती परमिट रूम आणि तिथलं गाणं

मासुंदाकाठ

ठाण्यातल्या गाण्याबजावण्याचा विषय निघाला की गाडी गडकरी रंगायतनावरून (१९७८) सुटते, घाणेकर नाट्यगृहाला थांबते, उपवनच्या महोत्सवाला जाते आणि संपते. मागे एका ग्रुपवर अशीच यादी फिरत होती. त्यात पाचपाखाडीतली आपली परमिट रूम नव्हती. असणारही नाही म्हणा. पण या गावात वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, चार माणसांनी चाळीस माणसांसमोर बसून गायलेलं गाणं मोजायचं ठरवलं, तर ही जागा बऱ्याच वर येईल असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

नाव लिहीत नाही. मालक बदलले, पाट्या बदलल्या, आत्ताच्या मालकांना जुन्या गोष्टी चिकटवण्यात अर्थ नाही. हायवेच्या अलीकडची गल्ली, शेजारी झेरॉक्सवाला, वर बिऱ्हाडं. ज्यांना ओळखायची त्यांनी एव्हाना ओळखली असेल.

सुरुवातीला तिथे गाणं नव्हतंच. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. तिथल्या पाळ्या सुटल्या की भरायची अशी ती साधी परमिट रूम. मागच्या बाजूला एसी हॉल काढला तेव्हा तेव्हाचे मालक अण्णांनी कोपऱ्यात फळ्या ठोकून स्टेज केलं. दोन टेबलांची जागा खाणारं, गुडघ्याइतकंही उंच नाही. वर लाल कार्पेट, त्याला सिगारेटची भोकं. ढोलकवाला मांडी घालून, पॅडवाला उभा, कीबोर्डवाल्याचा एक पाय कायम स्टेजच्या बाहेर. फर्माईश टिश्यू पेपरवर लिहून वेटरच्या हातून जायची आणि गायिका ती वाचून घडी घालून माईकच्या स्टँडखाली दाबून ठेवायची. रात्र संपेपर्यंत तिथे गठ्ठा व्हायचा.

गझल आधी आली, फिल्मी ऑर्केस्ट्रा नंतर. मग गाणं बंद होऊन मोठ्या पडद्यावर क्रिकेट. मग गुरुवारी पोरांचे बँड, मग कराओके, आता अधूनमधून सूफी नाईट. वरवर बघता गिऱ्हाइकांची आवड बदलत गेली असं वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या स्टेजवर काय वाजणार हे गिऱ्हाइकांनी फारसं ठरवलंच नाही. ते पोलिसांच्या परवान्याने ठरवलं, आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या झोपेने.

ज्यांनी तिथे ऐकलं, वाजवलं, किंवा जे वैतागले, त्यांनी लिहा.

कोपरीकर

ओळखली! चखण्याच्या शेंगदाण्यात कांदा जास्त आणि शेंगदाणे कमी. अण्णा स्वतः गल्ल्यावर बसून ताल धरायचे, पण समेवर कधीच यायचे नाहीत.

पांढरी_पाच

मासुंदाकाठ, तो बाहेर राहणारा पाय माझा.

वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. सीझन म्हणजे गणपती-नवरात्र, लग्नसराई. त्या दिवसांत मैदानातल्या ऑर्केस्ट्रात 'नाईट' मिळायच्या. उरलेलं वर्ष घर कसं चालवायचं? बारवर. आमच्यातले कित्येक चांगले वादक असेच टिकले. दिवसा कारखान्यात किंवा दुकानात नोकरी आणि संध्याकाळी सातला साऊंड लावायला हजर. पाकीट रात्री गल्ला बंद झाल्यावर, ते पण अण्णांचा मूड बघून.

पण तिथे जे शिकायला मिळालं ते कुठल्या क्लासात मिळालं नसतं. गायिका काळी चारमध्ये गाणारी, तिच्यानंतर पुरुष गायक पांढरी एकमध्ये, मध्ये थांबायचं नाही, कारण थांबलं की लोक बिल मागतात. त्यातच एखादे साहेब उठून 'मी गातो' म्हणणार. साहेबांची पट्टी कुठली? साहेबांनाही माहीत नसते. पहिल्या ओळीत ते जिथे पडतील तिथे आपण जाऊन उभं राहायचं. ट्रान्सपोजचं बटण दाबायला उसंत नसायची, सगळं बोटांनी. नवं गाणं आलं की दुपारी कॅसेटवर ऐकायचं, म्युझिक पीस वहीत उतरवायचे आणि रात्री वाजवायचे. तालीम कसली करताय.

ऑक्टोपॅडबद्दल, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याबद्दल, वेगळं लिहायला हवं. रोलंडचं पॅड १९८५ मध्ये बाजारात आलं, आमच्याकडे पोचायला थोडा वेळ लागला. त्याआधी ड्रम, काँगो, बाँगो, साइड रिदम अशी माणसं लागायची. आठ रबरी चौकोन आले आणि स्टेजवर एका माणसात सगळे मावले. त्या बुटक्या फळीवर ऑर्केस्ट्रा मावला तो खरं तर पॅडमुळे. आणि रिदमवाल्यांपैकी काही घरी बसले ते पण पॅडमुळेच. नंतर मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज वगळलेलं तयार संगीत) आले तेव्हा पॅडवाल्याचीही तीच गत झाली. कीबोर्डवाला शेवटपर्यंत टिकला, कारण ट्रॅक लावायला कोणीतरी लागतोच! हसू नका.

जुनाट_तबकडी

छान धागा. थोडं मागचं सांगतो. दारू विकणाऱ्या जागेतलं लाईव्ह गाणं हे आपल्याकडे ऑर्केस्ट्रा बारपासून सुरू झालं असं समजू नका. मुंबईत ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबीचा जॅझ बँड अमेरिकेतून येऊन वाजवून गेला. त्याच्या पाठोपाठ गोव्याच्या वादकांची पिढी तयार झाली. १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर गंमत झाली. दारू गेली, पण चर्चगेटच्या हॉटेलांत बँड राहिले. लोक कॉफी पीत जॅझ ऐकायचे. तेच गोव्याचे वादक दिवसा फिल्म स्टुडिओत हिंदी गाण्यांना ट्रम्पेट-व्हायोलिन वाजवत. आज ऑर्केस्ट्रावाले जे ब्रास पीस कीबोर्डवर काढतात, त्यातले कितीतरी मुळात अशा हॉटेलात रात्री वाजवणाऱ्या माणसांनी फुंकलेले आहेत. म्हणजे गाणं हॉटेलातून स्टुडिओत गेलं आणि तिथून फिरून पुन्हा परमिट रूममध्ये आलं.

निशिगंध

लिहावं की नाही असा विचार करत होते. मी त्या स्टेजवर गायले आहे. लग्नाआधी आणि नंतरही.

लोकांना वाटतं ऑगस्ट २००५ मध्ये डान्स बार बंद झाले, त्याचा गाणाऱ्यांशी काय संबंध? संबंध असा, की नाच बंद झाल्यावर कितीतरी जागांनी ऑर्केस्ट्राचा परवाना पुढे केला. ज्या मुली नाचत होत्या त्यांना हातात माईक देऊन उभं केलं. त्यांचा काय दोष, पोट होतं. पण त्यानंतर 'ऑर्केस्ट्रात गाते' या वाक्याचा अर्थच फिरला. त्याआधी आमच्या सोसायटीत मी गाणारी होते. त्यानंतर बायका जिन्यात बोलायच्या थांबायला लागल्या. मग मी 'क्लबमध्ये कार्यक्रम असतो' असं सांगायला लागले.

स्टेजवरही फरक पडला. आधी मी उभी राहून गायचे, तालावर थोडी डुलायचेही. कोणाचंही अंग हलतंच ना? नंतर मॅनेजरने खुर्च्या आणल्या. बसून गा, हात फार हलवू नको, गिऱ्हाइकाकडे बघून हसू नको. पर्समध्ये परवान्याची झेरॉक्स आणि ओळखपत्र कायम. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं, गाऊन दाखव. भर हॉलमध्ये, दिवे लावून. मी गायले. अख्खा मुखडा आणि पहिला अंतरा. पांढरी_पाच यांच्याच ग्रुपमधले एक काका कीबोर्डवर होते, त्यांनी न सांगता सूर दिला. साहेब म्हणाले ठीक आहे आणि दुसऱ्या मुलीकडे वळले. ती नवीन होती, घाबरली, तिचा आवाजच फुटेना. तिला बाजूला उभं केलं. तिला गाता येत होतं हो. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

त्यानंतर मी हळूहळू बंद केलं. आता घरी शिकवते.

मासुंदाकाठ

निशिगंधताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही समोर बसून पिणारे, आम्हाला खुर्च्या आल्या एवढंच दिसलं होतं. वाटलं होतं अण्णांनी सुधारणा केली.

घणसोली_एक्स्प्रेस

ताई, __/\__

वकीलकाका

निशिगंध यांच्या प्रतिसादानंतर कायद्याचा क्रम लिहून ठेवतो, कारण या विषयावर गप्पांमध्ये सगळ्या तारखांची भेळ होते.

आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ घातलं आणि बारमधल्या नाचावर बंदी आली. शेजारच्याच ३३ब मध्ये तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट. एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. श्रीमंतांच्या हॉटेलात चालतं ते साध्या बारमध्ये अश्लील कसं, हा मुख्य मुद्दा. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथला निकाल १६ जुलै २०१३ ला आला, तोही बंदीच्या विरोधात. २०१४ मध्ये विधिमंडळाने तारांकितांची सूट काढून बंदी पुन्हा आणली, २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये नवा स्वतंत्र कायदा झाला, आणि १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या. पैसे उधळायला मनाई कायम राहिली, टीप द्यायला हरकत नाही.

आता ऑर्केस्ट्रा. तो वेगळा परवाना, १९६० च्या करमणूक नियमांखालचा. त्यात अट असायची की स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष, त्यापेक्षा जास्त नाही. १८ फेब्रुवारी २०२२ ला 'हॉटेल प्रिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही स्त्री-पुरुष वाटणी रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण त्या आठांत कोण किती हे कलाकारांनी आणि मालकाने ठरवायचं. संरक्षणाच्या नावाखाली बाईचं काम हिरावून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. मूळ इंग्रजी निकाल वाचण्यासारखा आहे, भाषा अवघड नाही.

निशिगंध

चार-चारची अट कागदावर समान दिसते. गंमत बघा, वादक बहुतेक पुरुषच. म्हणजे कीबोर्ड, पॅड, ढोलक, गिटार झाले की पुरुषांचा कोटा संपला. मग पुरुष गायकाला जागा कुठे? आमच्याकडे ढोलकवालाच किशोरची गाणी म्हणायचा. आणि बायकांचा कोटा भरला असेल तर कोरसच्या मुलीला स्टेजखाली उभं राहून गावं लागायचं, माईक खाली ओढून.

दुसरा_मजला

तुम्हा सगळ्यांच्या आठवणी वाचून डोळे पाणावले असं लिहिणार नाही. मी त्याच इमारतीत वाढलो. दुसरा मजला, स्टेजच्या बरोबर वर.

तुम्हाला गाणं ऐकू यायचं, आम्हाला गाणं ऐकू यायचं नाही. आम्हाला फक्त ढम् ढम् ढम्. शब्द नाहीत, सूर नाहीत, फरशीतून वर येणारा ठोका. आईची मांडणीवरची स्टीलची ताटं एका विशिष्ट सुराला वाजायची. दहावीच्या वर्षी मी अभ्यासाला मामाकडे कळव्याला राहिलो. तक्रार केली की कोणीतरी येऊन जायचं, अर्धा तास आवाज कमी, मग पुन्हा तेच.

संगीताचा इतिहास वगैरे ठीक आहे, पण तो आमच्या डोक्यावर लिहिला गेला. खरं तर पायाखाली.

कोपरीकर

दुसरा_मजला, रागावू नका, पण शेवटची ओळ भारी आहे.

वकीलकाका

दुसरा_मजला यांचं म्हणणं कायद्याने शंभर टक्के बरोबर. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्री ध्वनिक्षेपक बंद जागेत, आतल्या आत चालतो, पण बंद जागा म्हणजे नुसता दरवाजा लोटून एसी लावलेला हॉल नव्हे. खाली दुकानं आणि वर घरं असलेल्या इमारतीत स्लॅब हीच भिंत, आणि स्लॅबचा विचार परवाना देताना कोणीच करत नाही. नवी मुंबईत तर सिडकोच्या कितीतरी सेक्टरांत ही रचना आराखड्यातच आहे.

पांढरी_पाच

दुसरा_मजला, तुमच्या ताटांना वाजवणारा सूर बहुधा आमच्या बेस गिटारचा असणार. माफी मागायला उशीर झाला खरा.

तांत्रिक बाजू अशी की कानाला मोठा वाटतो तो वरचा आवाज, झांज, गायिका, गिटार. तो भिंत आणि पडदे अडवतात. खालचा आवाज, म्हणजे बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), तो हवेतून कमी आणि इमारतीच्या सांगाड्यातून जास्त जातो. आमचे बेसचे डबे, म्हणजे स्पीकर, थेट स्टेजवर आणि स्टेज थेट फरशीवर. म्हणजे तुमच्या खांबालाच आम्ही वाजवत होतो. पुढे एका साऊंडवाल्या पोराने डब्यांखाली जाड रबर घातलं, खालच्या फ्रिक्वेन्सी कापल्या आणि ड्रमऐवजी काहोन आणला. लाकडी खोक्यावर बसून वाजवायचा प्रकार. आवाज पूर्वीइतकाच भरल्यासारखा वाटायचा, पण ग्लासातली बीअर थरथरायची थांबली. हे ज्ञान पंधरा वर्षं आधी आलं असतं तर तुम्हाला कळव्याला जावं लागलं नसतं.

दुसरा_मजला

हो, काहोनवाल्या काळात फरक पडला होता. तेव्हा पहिल्यांदा मी खाली जाऊन बसलो. इमारतीतल्यांना अण्णांच्या मुलाने पहिली बीअर फुकट ठेवली होती, हेही एक कारण.

गिटार_नेरूळ

तो काहोनचा काळ आमचा! गुरुवारचे बँड.

आम्ही नेरूळ-सानपाड्याची पोरं. नवी मुंबईत मॉल आले, स्टेडियम आलं, पण नवशिक्या बँडला वाजवू देईल अशी जागा नव्हती. मोठ्या पबांना नाव झालेला बँड हवा. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर सुरू झाली नसती तर आम्ही ठाण्यात पोचलोच नसतो. पाठीवर गिटार, हातात पेडलचा डबा, तुर्भ्याला डब्यात घुसणारी गर्दी आणि लोकांचे टोमणे. परतीची शेवटची गाडी चुकली की रिक्षाला तिघांचे पैसे मिळून पुरायचे नाहीत.

अण्णांच्या मुलाची अट होती की पहिला सेट लोकांचा, दुसरा तुमचा. म्हणजे आधी सगळ्यांना येणारी हिंदी गाणी, आणि साडेनऊनंतर स्वतःची दोन-तीन. ती वाजायला लागली की अर्धं गिऱ्हाईक सिगारेट ओढायला बाहेर. पण जे आत राहायचे ते ऐकायचे. मराठीत रॉक गाणी लिहायचा नाद मला तिथेच लागला, कारण पाचपाखाडीच्या गिऱ्हाइकाला इंग्रजी ओरडण्यात काडीचा रस नव्हता आणि मराठी शब्द ऐकला की मान वळायची.

आमच्या आधीच्या पिढीला धोबीतलावचं रंगभवन होतं, १९८६ पासूनचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव होता. रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात गेलं. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा लाईव्ह संगीताचा क्लब २००७ मध्ये उघडला आणि २०१६ मध्ये बंद झाला. आम्हाला जे मिळालं ते हे, सिगारेटच्या भोकांचं कार्पेट.

आणि आता बघा, डी. वाय. पाटील स्टेडियमला डिसेंबर २०१९ मध्ये यूटू येऊन गेले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. माझ्या घराच्या गच्चीतून आवाज येत होता. त्याच नेरूळमध्ये शनिवारी चार पोरांना प्लग लावायला एक कोपरा नाही. मोठा कार्यक्रम वर्षातून एकदा होतो, त्याला खास परवानगी, खास लोकल, खास बंदोबस्त. दर आठवड्याच्या छोट्या गाण्याला कोणी वाली नाही.

घणसोली_एक्स्प्रेस

बेलापूर सेक्टर १५ ला, पामबीच गॅलेरियाला असतं की लाईव्ह.

गिटार_नेरूळ

असतं, पण एक गिटार, एक गायक, खाली लॅपटॉप. वाईट म्हणत नाही, पोरं छान गातात. पण चौघांच्या बँडला ना जागा ना पाकीट. गायक-गिटारवाला एकटा आला की टेबल काढावं लागत नाही, हा त्यातला हिशोब.

टेम्सकाठचा_ठाणेकर

मूळचा नौपाड्याचा, बरीच वर्षं लंडनला. धागा वाचताना सारखं इथलं आठवत होतं, कारण इथेही छोट्या पबमधलं गाणं अगदी अशाच किचकट नियमांवर जगलं-मेलं.

इंग्लंडमध्ये १९६४ च्या परवाना कायद्यात एक पळवाट होती. पबमध्ये दोनपर्यंत वादक असतील तर करमणुकीचा वेगळा परवाना नको. 'टू इन अ बार' म्हणायचे. त्यामुळे गल्लोगल्ली एक गायक आणि एक पियानोवाला किंवा फिडलवाला दिसायचा. २००३ च्या नव्या कायद्याने ती सवलत काढली आणि तो कायदा लागू झाला नोव्हेंबर २००५ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी निशिगंधताईंना खुर्चीवर बसवलं, त्याच वर्षी इथल्या दोन म्हाताऱ्या फिडलवाल्यांनाही परवाना लागायला लागला. वादकांनी आणि काही खासदारांनी सात वर्षं लावून धरलं, तेव्हा २०१२ चा लाईव्ह म्युझिक कायदा झाला. सकाळी ८ ते रात्री ११, २०० पर्यंत श्रोते, तर परवान्याची गरज नाही. २०१५ मध्ये २०० चे ५०० केले.

पटनीचा हाफ मून पब १९६३ पासून गाणं टिकवून आहे. केंटिश टाउनचं बुल अँड गेट, जिथे कितीतरी नवे बँड पहिल्यांदा वाजले, ते २०१३ मध्ये गाण्यापुरतं मिटलं. घरांच्या किमती आणि भाडी हे इथलं मोठं संकट. दुसरं संकट म्हणजे पबच्या शेजारी नवी इमारत होते आणि रहिवासी पबच्या आवाजाची तक्रार करतात. त्यावर २०१८ मध्ये नियोजनाच्या धोरणात एक तत्त्व आणलं की जो नंतर आला त्याने बंदोबस्त करायचा. पब आधीपासून असेल तर नव्या बिल्डरने जाड काचा लावायच्या.

दुसरा_मजला

आणि घर आधीपासून असेल तर?

टेम्सकाठचा_ठाणेकर

तर पबने. तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू होतं. तुमची केस इथे तुम्ही जिंकला असता.

मासुंदाकाठ

हे तत्त्व घोडबंदर रोडला लावलं तर काय होईल याचा विचार करतोय. तिथे माळरानावर आधी ढाबे आणि बार होते, टॉवर नंतर आले.

बाकी शेवटचा टप्पा राहिला तो भरभर सांगतो. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि आपली जागा त्यात सापडली. जुलै २०१७ मध्ये महापालिका हद्दीतल्या परवान्यांना तो लागू नाही असं स्पष्ट झालं, पण तोवर मधल्या महिन्यांत बँडचे गुरुवार तुटले ते तुटलेच. मोसंबी ज्यूस पिऊन रॉक कोण ऐकणार. (जुनाट_तबकडी यांच्या चर्चगेटच्या लोकांनी कॉफीवर भागवलं, ते थोर होते.) डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलची आग लागली, १४ माणसं गेली. त्यानंतर सगळीकडे अग्निशमनाची तपासणी कडक झाली, व्हायलाच हवी होती. आपल्या हॉलला बाहेर पडायचा एकच दरवाजा होता आणि दुसरा काढायचा तर नेमका स्टेजच्या कोपऱ्यातून. स्टेज गेलं ते तेव्हा. त्या जागी आज तांबडी 'निर्गम' पाटी आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कोविडमध्ये मार्च २०२० ला बंद, ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर उघडलं, आणि अण्णांच्या मुलाने त्यानंतर जागा भाड्याने दिली.

म्हणून मी म्हणतो की गिऱ्हाइकाने ठरवलं नाही. यातला एकही बदल 'लोकांना आता गाणं नको' म्हणून झाला नाही.

पांढरी_पाच

थोडा असहमत. ट्रॅक आणि कराओके गिऱ्हाइकांनीच आणले. पूर्वी ते फर्माईश करायचे, मग त्यांना स्वतःच गायचं होतं. कराओकेच्या रात्री गल्ला आमच्या रात्रीपेक्षा जास्त व्हायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाणाऱ्याबरोबर त्याचा अख्खा ऑफिसचा ग्रुप येतो आणि पितो. मालकाला चूक कसं म्हणायचं?

घणसोली_एक्स्प्रेस

एक प्रश्न. आमच्या मित्राचं कोपरखैरण्याला छोटं रेस्टो-बार आहे. शनिवारी एक गिटारवाला बसवायचाय, हिंदी गाणी गाईल. आयपीआरएसचं काहीतरी भरावं लागतं म्हणतात, ते खरं का? गायक तर स्वतः गातोय, रेकॉर्ड लावत नाही.

वकीलकाका

खरं. दोन वेगळे हक्क आहेत. रेकॉर्ड वाजवली तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आला, तो बहुतेक कंपन्यांच्या वतीने पीपीएल ही संस्था बघते. स्वतः गायलं तरी शब्द आणि चाल कोणाची तरी असतेच, ते गीतकार-संगीतकारांचं काम आयपीआरएसकडे, ही संस्था १९६९ पासूनची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही, त्यामुळे भरलेल्या पैशातला भाग त्यांच्यापर्यंत जायला हवा. कराओकेला दोन्हींची चौकशी करायची. शिवाय पोलिसांचा कार्यक्रमाचा परवाना, अग्निशमनाचं पत्र. मित्राला सांगा, आधी वर कोण राहतं ते बघ आणि एकदा चहाला जा. दहा वाजता बेस बंद. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा_मजला

आणि काहोन घे म्हणावं.

निशिगंध

पांढरी_पाच, तुमच्याकडे जुन्या वह्या आहेत का? पट्ट्या आणि म्युझिक पीस लिहिलेल्या? माझ्या दोन डायऱ्या आहेत. गाणं, पट्टी, आणि समासात कोणाची फर्माईश ते: 'टेबल तीन, चष्मेवाले', असं. फोटो काढून इथे टाकले तर कोणाच्या उपयोगाचे आहेत का?

पांढरी_पाच

आहेत, माळ्यावर. एक वाळवीने खाल्ली, बाकीच्या धड आहेत. टाका ताई, मी पण टाकतो. तुमच्या डायरीतली पट्टी आणि माझ्या वहीतली पट्टी जुळते का बघू. अण्णांना न सांगता आम्ही पट्टी खाली उतरवायचो कधी कधी, रात्री अकरानंतर तुमचा आवाज बसला की.

निशिगंध

मला तेव्हाच कळायचं. बोलले नाही इतकंच. रविवारी फोटो टाकते.

मासुंदाकाठ

वह्यांसाठी वेगळा धागा काढतो, इथे फोटो चढायला त्रास होतो. गिटार_नेरूळ, तुमच्या गुरुवारांची काही रेकॉर्डिंग असतील तर त्याच धाग्यावर दुवा द्या. मोबाईलची चालतील.